विद्राव्य खते, टाकीतले दूध आणि बंद ड्रिपर : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : कोरड्या मिठातून वीज जात नाही, पाण्यात टाकल्यावर जाते. का? (दहावीचा विद्यार्थी, अमळनेर)
उत्तर : घन मिठात आयन (विद्युतभारित कण) जागच्या जागी जखडलेले असतात, पाण्यात ते सुटे होतात. घरच्या प्लगवर प्रयोग नको. शाळेत सरांसमोर करा.

प्रश्न : युरिया टाकूनही पाण्याचा ईसी (वीज वाहून नेण्याची क्षमता) जवळपास तेवढाच. माल बनावट असेल का? (यावल)
उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. युरिया सहसंयुज आहे. त्याचे रेणू अख्खेच विरघळतात, आयन होत नाहीत. मग ईसी वाढणार कुठून? तरीही संशय असेल तर कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या.

प्रश्न : केळीसाठी कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत टाकले तर दूध झाले. दुकानदार म्हणतो, ढवळा, जिरेल. (रावेर)
उत्तर : नाही जिरणार. दर हंगामात हेच! गोणीवरचे ‘१०० टक्के विद्राव्य’ त्या एकट्या खतापुरते खरे. पाण्यात गेल्यावर गोणीचे नाव उरत नाही. चारही आयन मोकळे फिरतात. मॅग्नेशियम आकाराने लहान, त्याला पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतात. कॅल्शियमला तेवढे धरत नाहीत, म्हणून सल्फेट त्याला चिकटते आणि जिप्सम तयार होते. ते लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, बाकीचे तुमच्या ठिबकच्या ड्रिपरमध्ये. १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट) बरोबर कॅल्शियम दिले तर फॉस्फेटचा साका बसतो. तो निदान ॲसिडने निघतो, जिप्सम ॲसिडलाही दाद देत नाही. कॅल्शियम वेगळ्या दिवशी द्या, मध्ये साध्या पाण्याने लाइन धुवा. नवी जोडी असेल तर आधी काचेच्या बाटलीत, तुमच्याच बोअरच्या पाण्यात, त्याच प्रमाणात मिसळून तासभर ठेवा. गढूळ झाले तर टाकीत ओतू नका. मात्रा माती तपासून तज्ज्ञांकडून ठरवा.

प्रश्न : पाइपवर चुंबकाचे यंत्र लावले की क्षार ‘तुटतात’ म्हणे. घेऊ का? (शिंदखेडा)
उत्तर : तुटून जातील कुठे? कॅल्शियम पाण्यातच राहते. यंत्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे पाणी प्रयोगशाळेत तपासून मगच पैसे देतो, असे विक्रेत्याला सांगून बघा.

प्रश्न : तीन महिन्यांपासून निम्मे ड्रिपर बंद आहेत. ॲसिड किती सोडू? (चोपडा)
उत्तर : तीन महिने कशाची वाट पाहिली? पत्रातून मात्रा सांगणार नाही. ड्रिपर आणि बाटलीभर पाणी घेऊन याच आठवड्यात कृषी विज्ञान केंद्र गाठा. साका कशाचा, हे आधी कळू द्या. आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये नाही.