वाचकांचे प्रश्न : घोड्यापुढे धीर येतो कसा?

प्रश्न : वय ४३. घोड्यावर बसायची हौस लहानपणापासूनची, शिकायला सुरुवात मात्र आत्ता केली. पण घोडा जवळ आला की हातपाय गार पडतात. शिक्षक म्हणतात, "घाबरू नका, त्याला लगेच कळतं." ते ऐकून तर आणखीच घाबरायला होतं.

उत्तर : भीती लपवायच्या भानगडीत पडू नका. ते जमत नाही आणि त्याची गरजही नाही. घोड्याच्या नजरेत भरतो तो आखडलेला खांदा, रोखून धरलेला श्वास, अर्ध्यावर नेऊन मागे घेतलेला हात. या गोष्टी सुधारता येतात, आणि त्या सुधारायची जागा खोगीर नाही, जमीन आहे. पहिले काही तास बसण्याचं नावच काढू नका.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दोन जागा तेवढ्या दिसत नाहीत : कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या थेट मागची. म्हणून डाव्या खांद्याच्या रोखाने, थोडं तिरकं जा. जाताना बोलत राहा. काय बोलता ते महत्त्वाचं नाही, तुम्ही कुठे आहात हे त्याला कळलं की झालं. पहिला हात नाकाला नको, मानेला किंवा खांद्याला लावा, आणि थापट्या मारण्यापेक्षा चोळा. मग खरारा करा, म्हणजे ब्रशने अंग घासा. मानेपासून सुरुवात करून मागे जायचं; मांसल भागावर गोल गोल, आणि तोंडावर व गुडघ्याखाली फक्त मऊ ब्रश. मागून पलीकडे जायचं असेल तर पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, हात ठेवून, अंगाला चिकटून जा. नाहीतर चांगले तीन-चार मीटर लांबून वळसा घाला. मधलं अंतर वाईट, कारण लाथेचा पुरा जोर तिथेच बसतो.

मग मोरकीची, म्हणजे घोड्याच्या तोंडाभोवती बांधलेल्या पट्ट्याची, दोरी हातात घ्या. ती हाताभोवती कधीही गुंडाळायची नाही. घोडा बुजून पळाला तर बोटं जातात. उरलेली दोरी नागमोडी घड्या घालून मुठीत धरा. आता दहा पावलं चाला आणि थांबा. थांबण्याआधी श्वास सोडा. घोडा पुढे सरकलाच तर दोरीला मागे हलका दाब द्या आणि तो थांबला रे थांबला की दोरी सैल सोडा. हे जमलं की त्याला एक पाऊल मागे घ्यायला शिका : मोरकीच्या खाली दोरी धरून त्याच्या छातीच्या दिशेने दाब, पाय मागे उचलला की त्याच क्षणी दाब बंद. सगळी मेख या सोडण्यात आहे. दाबाने घोडा नुसता विचारात पडतो. दाब सुटला की त्याला उत्तर कळतं. दोन-तीन सेकंद उशीर केलात आणि त्या वेळी तो मान झटकत असेल, तर तो मान झटकायला शिकला म्हणून समजा. नवशिक्यांची इथेच गल्लत होते आणि दोष मात्र 'हट्टी' घोड्याला मिळतो.

चार-पाचशे किलोचा प्राणी तुमच्या दोन बोटांच्या दाबाने पाऊल मागे घेतो, हे दोन-चारदा झालं की हातपाय गार पडणं आपोआप कमी होतं. कारण पुढे काय करायचं ते तुम्हाला माहीत झालेलं असतं.

प्रश्न : दीड वर्ष शिकते आहे. मध्यंतरी कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगाच्या दौडीत, पडले. फारसं लागलं नाही, पण आता साध्या दुडकीतही अंग आखडतं. मी घट्ट धरून बसते तसा घोडा जास्तच पळतो. "पडल्यावर लगेच परत बसायला हवं होतं," असं सगळे म्हणतात.

उत्तर : सगळे म्हणतात म्हणून ते नेहमीच बरोबर असतं असं नाही. डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवशी परत बसणं हा शुद्ध मूर्खपणा, आधी डॉक्टर. हेल्मेट आपटलं असेल तर वरून तडा दिसो न दिसो, नवं घ्या. आतला फोम एकदा दबला की दुसरा मार झेलत नाही.

आता घोडा का पळतो ते पाहा. भीतीने गुडघे आवळले जातात. गुडघे आवळले की टाच वर येते, बूड खोगिरावरून सुटतं, धड पुढे झुकतं आणि पोटऱ्या घोड्याच्या पोटाला चिकटतात. त्याच्या शिकवणीत याचा अर्थ 'चल'. त्याच वेळी तुमचे हात लगाम ओढत असतात, म्हणजे 'थांब'. एकाच दमात दोन हुकूम. काही घोडे अशा वेळी डोकं वर काढून लगामाला झुंजतात, काही नुसते पळतात. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतो.

उपाय : लगाम काही दिवस हातातून काढून घ्यायचा. शिक्षकाने लांब दोरीवर, म्हणजे लंजवर, १५ ते २० मीटर व्यासाच्या वर्तुळात शांत घोडा फिरवावा. लगामाला गाठ मारून तो मानेवर ठेवा आणि धरायला घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधा. एका वेळी २० मिनिटं पुरेत, आणि मध्ये दिशा बदला. सतत गोल फिरण्याचा घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो. आधी नुसत्या चालीत हात बाजूला पसरा, खांदे फिरवा, पाय खाली सैल सोडा. मग दुडकीची फक्त आठ-दहा पावलं, आणि अंग आखडायच्या आत परत चाल. आखडल्यावर थांबलात तर शरीर आखडण्याचाच सराव करतं. पावलं मोठ्याने मोजा. मोजताना श्वास रोखून धरता येत नाही.

दुडकीला दोन ठोके असतात. एकावर उठायचं, दुसऱ्यावर बसायचं. घोड्याचा बाहेरचा, म्हणजे वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूचा, खांदा पुढे जाईल तेव्हा उठा. उठताना पंजावर उडी मारू नका, मांड्यांतून थोडं पुढे-वर या, एवढंच. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायची कडी, त्याही तपासा. खोगिरावर जिथे तिचा पट्टा अडकतो तिथे बोटांची टोकं टेकवा आणि रिकीब हाताखाली ताणा. ती काखेपर्यंत आली की लांबी साधारण बरोबर. जास्त लांब झाली तर पाऊल तिला शोधत राहतं आणि तोल जातो. रुंदीही बुटापेक्षा बोटभर जास्त हवी, म्हणजे पडताना पाय अडकणार नाही.

कँटरची घाई नको. दुडकीतून चालीत आणि चालीतून थांबण्यावर घोडा नुसत्या श्वासाने आणि बसण्याने येऊ लागला की कँटरची पाच-सहा पावलं मागा. तो पळू लागलाच तर दोन्ही लगाम सतत ओढून धरू नका. त्याला टेकायला आधार मिळतो. ओढा-सोडा, ओढा-सोडा, आणि जागा असेल तर मोठं वर्तुळ घेऊन हळूहळू लहान करत आणा. वेगात झटक्याने वळवलंत तर घोड्याचाच पाय निसटेल.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी फार बुजरी आहे. चारचौघांत तोंड उघडत नाही. घोडेस्वारीने आत्मविश्वास येतो असं ऐकलं. खरं का?

उत्तर : बऱ्याचदा येतो, पण शिक्षक कसा आहे त्यावर ठरतं. घोड्याला ओरडून चालत नाही आणि पुटपुटूनही चालत नाही. आधी हलकं विचारायचं. नाही ऐकलं तर थोडं स्पष्ट. तरीही नाही तर एकदाच ठामपणे, आणि ऐकलं की लगेच गप्प. बुजऱ्या मुलांचं अडतं ते दुसऱ्या पायरीवर. ती पोटऱ्यांनी हलकं हलकं टोचत राहतात, घोडा ते माशी बसल्यासारखं सोडून देतो, आणि मूल हिरमुसतं. चांगला शिक्षक अशा वेळी घोड्याला स्वतः चाबूक दाखवत नाही. मुलीकडूनच एक स्पष्ट 'चल' काढून घेतो.

नाव घालण्याआधी एक तास नुसतं बसून पाहा. मुलांना खरारा करायला, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला, घोडा परत बांधायला लावतात का, की तयार घोड्यावर उचलून बसवतात आणि उतरवून घेतात? दुसरा प्रकार असेल तर ती जत्रेतली फेरी झाली. आणि पडण्यावर हसणारा शिक्षक असेल तर तिथून सरळ निघा.

प्रश्न : तंग घट्ट आवळूनही खोगीर घसरतं. त्यामुळे चढायचीच भीती बसली आहे.

उत्तर : ही भीती अगदी रास्त आहे, ती घालवू नका, तंग नीट आवळा. तंग आवळताना घोडे पोट फुगवून धरतात. आधी सैल लावा, त्याला पाच मिनिटं चालवा, मग एक-एक भोक वर घ्या. शेवटी तंग आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जायला हवीत. चढण्याआधी एकदा आणि बसून दहा मिनिटं झाल्यावर पुन्हा तपासा. चढताना चौथरा वापरा. जमिनीवरून चढताना सगळं वजन एका बाजूला येतं, खोगीर ओढलं जातं आणि घोड्याची पाठही दुखावते.

प्रश्न : वर्षभर स्वारी केल्यावर मी तीन वर्षांचं शिंगरू घेतलंय. दोघं मिळून शिकू, असा विचार आहे.

उत्तर : स्वारीपुरता हा विचार सोडून द्या. दोघांपैकी एकाला तरी सगळं येत असावं लागतं, नाहीतर एकाची भीती दुसऱ्याला लागते. शिवाय त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, त्यामुळे बसण्याची घाई त्यालाही सोसणार नाही. पहिल्यांदा त्याच्यावर बसायचं काम अनुभवी चाबुकस्वाराला, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याला, द्या आणि तुम्ही दोरी धरून बाजूला उभे राहा.

जमिनीवरचं काम मात्र तुमचंच. चारही पाय उचलून खूर साफ करू देणं, दोरीमागे सैल चालणं, उभं राहणं, दाबाने मागे आणि बाजूला सरकणं, प्लास्टिकच्या ताडपत्रीवरून न बुजता जाणं. रोज १५-२० मिनिटं, त्याहून जास्त नको. ताडपत्री आधी घडी घालून जमिनीवर ठेवा. त्याने हुंगली, एक पाय ठेवला, की दोरी सैल सोडा आणि त्या दिवसापुरतं तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी एक घडी उलगडा.