एकच लॅपटॉप, पण काम वेगळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी स्वतंत्रपणे अनुवादाचे काम करते. ग्राहकांकडून आलेल्या फाइल्स, त्यांतले काही गोपनीय करार, घरचे फोटो आणि बँकेचे व्यवहार असे सारे माझ्या एकाच लॅपटॉपवर आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ असून मेमरी १६ जीबी आहे. कामाला लागणारे एक सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. कामासाठी वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी असे मनात आहे. एका परिचिताने लिनक्स मिंट सुचविली, दुसऱ्याने क्यूब्ज ओएस. मी कोणती निवडावी?
— एक अनुवादिका

उत्तर : सिस्टीम कोणती, हे ठरविण्याआधी आपल्याला काय कशापासून वेगळे ठेवायचे आहे, ते ठरवावे लागेल. कामाच्या वेळी घरचे काही डोळ्यांसमोर येऊ नये एवढाच हेतू असेल, तर विंडोजमध्येच दुसरे यूजर अकाउंट उघडावे. त्यासाठी नवी सिस्टीम घालण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. आपल्या पत्रातली खरी अडचण मात्र वेगळी दिसते. अनोळखी माणसांनी पाठविलेल्या फाइल्स आपल्याला रोज उघडाव्या लागतात, आणि ज्या यंत्रावर त्या उघडतात त्याच यंत्रावर बँकेचा पासवर्डही टाइप होतो. भिंत हवी आहे ती या दोहोंच्या मध्ये.

अशा वेळी बहुतेकांना प्रथम सुचते ते ड्युअल बूट, म्हणजे एकाच डिस्कचे भाग (पार्टिशन) करून दोन सिस्टीम शेजारी शेजारी बसविणे. त्याने वाटते तेवढी सुरक्षितता मिळत नाही. लिनक्सला विंडोजचे एन्क्रिप्ट न केलेले, म्हणजे सांकेतिक कुलूप न घातलेले, पार्टिशन सहज वाचता येते. उलट दिशेने, विंडोजमध्ये प्रशासकाचे अधिकार मिळविलेला एखादा घातक प्रोग्राम लिनक्सच्या पार्टिशनपर्यंतही पोहोचू शकतो. विंडोजकडील बिटलॉकर आणि लिनक्सकडील लक्स या एन्क्रिप्शनच्या सोयी वापरल्या, तर डेटा वाचला जाणे थांबते. पण तो पुसला जाणे थांबत नाही, आणि यंत्र सुरू करणारे छोटे पार्टिशन तर दोघींचे सामाईकच राहते. शिवाय प्रत्येक अदलाबदलीला लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. पहिला आठवडा हे कोणीही निष्ठेने करते. पुढे जी सिस्टीम चालू असेल तिच्यातच बँकेचे काम उरकले जाते, हा माझाही अनुभव आहे.

क्यूब्ज ओएसची रचना नेमकी याच गरजेसाठी झाली आहे. तिची पहिली आवृत्ती २०१२ साली आली. झेन या हायपरवायझरच्या, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आधारे ती प्रत्येक प्रकारचे काम स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे अशा एकेका आभासी संगणकात, चालविते. त्या प्रत्येक मशीनला क्यूब म्हणतात, आणि खिडकीच्या कडेच्या रंगावरून आपण कोणत्या क्यूबमध्ये आहोत ते कळते. नेटवर्क कार्ड एका वेगळ्या क्यूबच्या ताब्यात असते, सर्वांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मूळ भागाला इंटरनेटची जोडणीच नसते, आणि संशयास्पद फाइल एका तात्पुरत्या क्यूबमध्ये उघडून, काम झाल्यावर तो क्यूबच नाहीसा करता येतो. ही रचना मला फार आवडते. तरीही ज्या एकमेव लॅपटॉपवर पोट चालते, त्यावर पहिल्याच पायरीला ती बसवा असे मी सांगणार नाही. तिला किमान ६ जीबी मेमरी लागते आणि शिफारस १६ जीबीची आहे. म्हणजे आपला लॅपटॉप शिफारशीत बसतो, पण मागे शिल्लक काही राहत नाही. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनच्या विशिष्ट सोयी असाव्या लागतात, काही लॅपटॉपवर स्लीपचा त्रास होतो, आणि ग्राफिक्स कार्डाचा वेग क्यूब्जना सहसा मिळत नसल्याने व्हिडिओ पाहताना प्रोसेसरवर ताण येतो. विंडोजही त्यात एका क्यूबमध्ये चालविता येते, पण ते नवशिक्याचे काम नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा : मुळाशी लिनक्स मिंट घ्यावी, ती बसवितानाच संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडावा, आणि तिच्यात व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरने एक विंडोज व्हर्च्युअल मशीन उभारून ग्राहकांचे सारे काम त्या मशीनमध्येच करावे. येथे दिशा महत्त्वाची आहे, आणि पुष्कळ लोक ती नेमकी उलटी धरतात. रोजची धुळवड मूळ सिस्टीमवर चालू ठेवून ते बँकेसाठी तेवढे व्हर्च्युअल मशीन उघडतात. मूळ सिस्टीमला आतल्या मशीनचा पडदा दिसतो आणि कीबोर्डवरची प्रत्येक कळ तिच्याच हातून आत जाते. ती बिघडली की आतले काहीही सुरक्षित राहत नाही. जोखमीचे ते आत कोंडावे आणि जपायचे ते बाहेर, मुळाशी ठेवावे.

आतल्या विंडोजला ६ ते ८ जीबी मेमरी द्यावी. सामाईक क्लिपबोर्ड बंद ठेवावा आणि सामाईक फोल्डर करायचेच झाले तर एकच, फक्त देवाणघेवाणीपुरते करावे. ग्राहकांची ईमेलही आतच उघडावी. पूर्ण झालेल्या कामाची प्रत बॅकअपसाठी बाहेर आणावी, परंतु ती बाहेर उघडू नये. मशीन स्वच्छ असतानाच तिचा स्नॅपशॉट घेऊन ठेवावा, म्हणजे काही शंका आली तर त्या स्थितीला परत जाता येते. मात्र त्यानंतरचे काम त्याबरोबर पुसले जाते, हे विसरू नये. ही भिंतही अभेद्य नाही. व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर पडू देणाऱ्या त्रुटी पूर्वी सापडल्या आहेत, म्हणून व्हर्च्युअलबॉक्सचे अपडेट टाळू नयेत. लॅपटॉपसोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या यंत्राशीच बांधलेला असतो. तो व्हर्च्युअल मशीनला लागू होतो की वेगळा घ्यावा लागेल, हे त्याच्या अटींत आधी पाहावे.

मिंट बसविण्यापूर्वी सारा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातल्या दोन-चार फाइल्स दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात, कारण न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच. मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसविता चालविता येते. वायफाय, कॅमेरा आणि आवाज नीट चालतात का, ते त्याच वेळी तपासावे. वर्षभर या पद्धतीने काम केल्यावर दोन-तीन ग्राहकांच्या फाइल्स परस्परांपासूनही वेगळ्या ठेवण्याची गरज भासू लागली, तर मात्र क्यूब्जचा विचार जरूर करावा, शक्यतो दुसऱ्या लॅपटॉपवर.

प्रश्न : मी विंडोज आणि लिनक्स ड्युअल बूट करून वापरतो. लिनक्समधून परत आलो की विंडोजचे घड्याळ चुकलेले असते, आणि लिनक्समध्ये विंडोजच्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. डिस्क बिघडली असेल का?

उत्तर : डिस्क शाबूत असावी. यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते; दोघींपैकी एकीला दुसरीची पद्धत वापरण्यास सांगितले की घोळ मिटतो, आणि लिनक्सच्या बाजूने तो बदल सोपा आहे. पार्टिशनवर लिहिता न येण्याचे कारण बहुधा विंडोजमधील फास्ट स्टार्टअप असते. तो चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, अर्धवट झोपी जाते, आणि तशा स्थितीतले पार्टिशन खराब होऊ नये म्हणून लिनक्स ते फक्त वाचण्यापुरते उघडते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावा, लॅपटॉप एकदा पूर्ण बंद करावा आणि मग लिनक्समध्ये पाहावे.