मोडीत जाण्याआधी

*जुन्या वस्तूंविषयी वाचकांचे प्रश्न*

धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिथे शनिवारी सकाळी लोक नको असलेलं सामान गॅरेजसमोर मांडून विकतात. तिने अशीच एक मोडकी आरामखुर्ची आणून इतकी सुंदर केली आहे की फोटो बघून हेवा वाटला. आपल्या कोकणात असं सामान कुठे शोधायचं, ताई? (वाचक, दापोली)

आपल्याकडे गॅरेज सेल नाही, पण मे महिना आहे. चाकरमानी घरी येतात, भावकी पडवीत बसते आणि मूळ घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरतं. एकदा ठरलं की दोन दिवसांत माळा रिकामा होतो आणि भंगारवाल्याचा टेम्पो खळ्यात येऊन उभा राहतो. तुम्ही टेम्पोच्या आधी पोचायला हवं. त्यासाठी गावातल्या सुताराशी ओळख ठेवा. कुठलं घर उतरवायचं आहे हे त्याला सगळ्यांत आधी कळतं, कारण वासे आणि तुळया बघायला त्यालाच बोलावतात.

दुसरी जागा म्हणजे भांड्यांच्या दुकानातली मोड. जुनी भांडी देऊन नवं स्टील घेतलेलं असतं, त्यांचा ढीग मागे पडलेला असतो. दुकानदाराला विचारलं तर तो बसून बघू देतो. पुण्याला बुधवारी किंवा रविवारी जाणं झालं तर जुना बाजार आहे, मुंबईला चोर बाजार आहे. मी दोन्हीकडे जाते, पण मन तिथे रमत नाही. तिथल्या समईला घर नसतं. ती कुणाच्या देवापुढे तेवत होती हे सांगणारं कोणी नसतं.

म्हणून घरातून वस्तू घेताना दोन गोष्टी कराच. मोडीच्या भावापेक्षा जास्त पैसे द्या. पितळ किलोवर विकलं तर किती येतील हे घरच्यांना आधी सांगा आणि मगच तुमचा आकडा बोला. देताना म्हातारीचा हात अडखळला तर ती वस्तू राहू द्या. आणि वस्तू कुणाची, कुठून आली, कशाला वापरत होते, हे तिथेच वहीत लिहून घ्या. माझ्या अशा तीन वह्या झाल्या आहेत.

ही सवय मला एका चुकीने लागली. सुरुवातीच्या दिवसांत वेंगुर्ल्याजवळच्या एका घरातून पितळी तपेली घेतली होती. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, मामाने भाचीला लग्नात दिल्याचं आणि साल. पूर्वी भांड्यावर असं नाव घालून घेत, बहुतेक घरांत एखादं तरी निघेल. मी ती तपेली चकचकीत करायला एका बफिंगच्या दुकानात टाकली. आली तेव्हा आरशासारखी होती आणि काठाखाली बोट फिरवलं तर काहीच लागेना. नाव पुसलं गेलं होतं, आणि मी ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. त्या भाचीचं नाव आठवायचा मी आजही प्रयत्न करते.

पाडलेल्या घरातून फणसाच्या लाकडाचं फडताळ घेतलं आहे. त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे तीन-चार थर आहेत आणि खालच्या फळीतून पिवळसर भुसा पडतो. घासून काढून पॉलिश करू का? (वाचक, कुडाळ)

आधी भुसा, मग रंग.

लाकडात बारीक भोकं असली म्हणजे कीड जिवंत आहेच असं नाही. फळीखाली काळा कागद पसरा आणि आठ-दहा दिवस फडताळ हलवू नका. कागदावर ताजा, पिठासारखा भुसा पडला तर कीड आत आहे. नाही पडला तर भोकं जुनी आहेत, त्यांत मेण भरलं की झालं. कीड असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा आणि उघड्या लाकडाला ब्रशने दोन-तीन वेळा पाजा, भोकांत सिरिंजने सोडा. हे पाणी रंगाच्या थरातून आत जात नाही. फडताळाची मागची बाजू आणि फळ्यांचा तळ सहसा रंगवलेला नसतो, तिथून सुरुवात करा. हातमोजे घाला. पाट, पोळपाट अशा जेवणाशी संबंध येणाऱ्या वस्तूंना हा उपाय करू नका. सावलीत वाळवा. एकदम उन्हात ठेवलंत तर फळी तडकेल.

आता रंग. माझी कळकळीची विनंती आहे, कोरडा पॉलिशपेपर मारू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको असा नियम आपल्याकडे २०१७ पासून आला, आणि तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. ती धूळ श्वासातून जाते, अंगणात पडते, मुलं तिथेच खेळतात. ब्लोटॉर्चने जाळूही नका, धूर आणखी वाईट. रंग काढायचं रिमूव्हर मोकळ्या हवेत लावा, फुगलेला रंग ओला असतानाच पत्र्याच्या पट्टीने उचला, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि सगळा कचरा पिशवीत बांधून टाका. तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या.

रंग निघाला की खाली फणस दिसेल. नवा असताना हळदीसारखा पिवळा असतो, वयाने मधासारखा आणि मग तांबूस होतो. हा तांबूसपणा वरच्या पातळ थरातच असतो. माझ्याकडे येणारे म्हातारे मेस्त, म्हणजे सुतार, मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "फणसाचा लाकूड आसा तां. पूस, पण तासू नको गो." रंधा मारला की शंभर वर्षांची रंगत भुशात जाते.

पॉलिश चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करा, पण पावसाळ्याआधी. आपल्या दमट हवेत ओल्या पॉलिशवर पांढुरका ढग धरतो. जूनमध्ये हे काम मी कधीच हातात घेत नाही.

आणि दारांच्या आतल्या बाजू बघितल्याशिवाय काही पुसू नका. माझ्या फडताळाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या रेघा आहेत, चार उभ्या आणि एक आडवी, रांगेने खालपर्यंत. दुधाच्या रतीबाचा हिशोब. एका ठिकाणी रांग मधेच तुटते आणि पुढे "गाय आटली" एवढंच लिहिलं आहे. बाकी सगळं फडताळ मी साफ केलं, त्या दाराला हात लावला नाही.

आजेसासूबाईंचं पितळी पातेलं आणि तांब्याचा बंब माळ्यावर सापडला. हिरवे डाग आहेत. पातेल्यात स्वयंपाक करता येईल का? (वाचक, अलिबाग)

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो. भिजवलेली आमसुलं मिठाबरोबर चोळा किंवा चिंच घ्या, लगेच धुवा, कोरडं पुसा आणि उन्हात ठेवा. आंबट लावून तासन्‌तास ठेवू नका, पितळ गुलाबी पडतं. पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर नुसतं तांबं राहतं.

स्वयंपाक कल्हई केल्यावरच. बिनकल्हईच्या पितळेत आमटी, ताक, सोलकढी कळकते आणि ते पोटात जाणं चांगलं नाही. कल्हईवाल्यासमोर बसून कल्हई करून घ्या. भांडं तापवून नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. क्षणात आतली बाजू चांदीसारखी होते. मला ते बघायला अजून लहानपणीइतकंच आवडतं. कथील शुद्ध हवं, शिसं मिसळलेलं चालणार नाही, हे स्पष्ट सांगा. कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही.

बंबाच्या तळाचे सांधे पाणी भरून तपासा. गळत नसेल तर पाणी तापवायलाच वापरा. फुलदाणी करायची घाई नको.

तीनशे मंगळुरी कौलं उतरली आहेत. काय करू? (वाचक, कणकवली)

बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द आवाज आला तर तडा आहे. चांगली उभी लावून ठेवा, न्हाणीघरावर किंवा गोठ्यावर चढवा. तुटकी कुंड्यांच्या तळाला घाला. कारखान्याचा छाप असलेली दोन-चार बाजूला काढा. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यांचं नाव असलेलं कौल आपल्याकडे अजून सापडतं.

जुनी पेटी विकत घेतली. आत मोडी लिपीतले कागद आणि लाकडाची लहान देवमूर्ती निघाली. मूर्ती परदेशात राहणाऱ्या मुलाला पाठवावी का? (वाचक, देवगड)

पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. जुन्या मूर्तींची नोंदणीही करावी लागते, त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडे जा.

कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उन्हात पसरू नका. घडी चिकटली असेल तर ओढू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधून कोरड्या जागी ठेवा, दफ्तरखान्यातही कागद असेच रुमालात बांधत. मोडी वाचणारे आज पुष्कळ तयार झाले आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गातही मिळतील. महत्त्वाचं काही निघालं तर मुंबईला राज्याचं पुराभिलेख संचालनालय आहे, पुण्याला १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

पण त्याआधी ज्यांच्याकडून पेटी घेतलीत त्यांना फोन करा. तुम्ही पेटीचे पैसे दिलेत, कागद आणि देव आत आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. कदाचित ते लोक देव परत मागतील. द्या. आणि मोडी वाचणारे घरी येतील त्या दिवशी त्यांनाही बोलवा.