लेसरने दाढेची नस गेली, पण फॉर्मवर सही आहे

प्रश्न : वरच्या दाढेतली कीड ‘ड्रिल न लावता, लेसरने’ काढतो म्हणून डेंटिस्टनी ९,००० रुपये घेतले. चटका बसला, जळका वास आला. पाणी काही मारत नव्हते. महिन्याभरात दाढ ठणकू लागली. दुसरे डॉक्टर म्हणतात, नस मेली, रूट कॅनॉल करावं लागेल. पहिले म्हणतात, ‘तुम्ही सही केली होती.’ तक्रार करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, नक्की येईल. पण आधी दाढेचं बघा. रूट कॅनॉल सुरू झालं की तुमचा पुरावाच कोरला जाईल. त्याआधी एक्स-रे आणि फोटो काढून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांकडून निदान लेखी घ्या. उपचार मात्र लांबवू नका.

सगळं प्रकरण मशीन कोणतं होतं यावर फिरेल. इनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) कोरायला सहसा अर्बियम लेसर वापरतात, आणि सोबत पाण्याचा फवारा लागतो; नाहीतर आतली नस तापते. पुष्कळ क्लिनिकमध्ये असतो तो डायोड लेसर, आणि तो मुख्यतः हिरड्यांसाठी. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘पाणी मारत नव्हते’ हे वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मशीनचं नाव-मॉडेल, केस पेपर, उपचाराआधीचा एक्स-रे आणि सहीच्या फॉर्मची प्रत आजच ईमेलने मागा.

सहीला घाबरू नका. उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय सांगूनच संमती घ्यायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात (२००८) स्पष्ट केलं आहे. साध्या ड्रिलनेही काम झालं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? शिवाय सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

पण कीड आधीच नसेपर्यंत पोचली असेल, तर दोष लेसरचा नसेलही. ग्राहक आयोगासमोर डॉक्टरांचा पहिला बचाव हाच असेल. त्यासाठी तज्ज्ञाचं लेखी मत लागेल. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात विचारून बघा.

वकिलाची नोटीस पाठवा. दाद नाही मिळाली तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत २ वर्षं. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडेही तक्रार करता येते, पण भरपाई आयोगच देईल. पोलिसांत जायची घाई नको. तिथे निष्काळजीपणा फार गंभीर असल्याचं दाखवावं लागतं.

पैसे यूपीआयने दिले असतील तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. बिल मिळालं नसेल, तर पैसे दिल्याचा तोच पुरावा.