भिंग आणखी मोठं केलं तर विषाणू दिसतील का?

तुम्ही विचारलंय, साध्या सूक्ष्मदर्शकाला अजून ताकदीची भिंगं लावली तर विषाणू दिसतील का, आणि नसतील दिसत तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात असं वेगळं काय असतं?

नाही दिसणार. अडचण भिंगात नाही, उजेडात आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यामुळे दोन ठिपके एकमेकांपासून २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावर असले की त्यांची प्रतिमा एकच होते, आणि बहुतेक विषाणू तर याहूनही लहान. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी ही मर्यादा १८७३ मध्येच मांडली. त्यापुढे कितीही मोठं करा, धुरकट डाग मोठा होतो, इतकंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

तरी साध्या सूक्ष्मदर्शकाला कमी लेखू नका. गालाच्या आतून अलगद खरवडून काचपट्टीवर घेतलं, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला, की फिकट निळ्या पेशीत गडद केंद्रक लख्ख दिसतं. कडेला चिकटलेले बारीक ठिपके म्हणजे तोंडातले जिवाणू. मी अजूनही ते बघत रेंगाळतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत असतो. एक लाख व्होल्टला त्याची तरंगलांबी ०.००४ नॅनोमीटरच्याही आत येते. काचेच्या भिंगांच्या जागी विद्युतचुंबकं. रुस्का आणि क्नोल या जर्मन संशोधकांनी १९३१ मध्ये असं पहिलं यंत्र चालवून दाखवलं, रुस्कांना नोबेल मिळायला मात्र १९८६ उजाडलं! यात पेशीत प्रथिनं बनवणारे २५ नॅनोमीटरचे रायबोसोम दिसतात, पेशीपटल दोन काळ्या समांतर रेघांसारखं दिसतं.

पण झोताला निर्वात नळी लागते, म्हणजे नमुना जिवंत राहत नाही. पेशी रसायनांनी घट्ट करायच्या, राळेत बसवायच्या आणि हिऱ्याच्या सुरीने काप घ्यायचे. हे मी जवळून पाहिलंय. काप सुरीमागच्या पाण्यावर तरंगत येतात आणि त्यांची जाडी रंगावरून ओळखायची. चंदेरी असला तर साधारण ६० ते ९० नॅनोमीटर, म्हणजे चांगला. सोनेरी दिसला की जाड झाला, पुन्हा कापा. मग तो तांब्याच्या जाळीवर झेलायचा आणि शिसं किंवा युरेनियमचे क्षार लावायचे, कारण त्यांच्याशिवाय सगळं फिकट दिसतं. विषाणूंचे जे रंगीत फोटो तुम्ही पाहता ते मुळात करडेच असतात, रंग मागाहून भरलेले.

एक अपवाद सांगायलाच हवा. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात काहीतरी सापडलं. ते साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत होतं, म्हणून जिवाणूच समजलं गेलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर विषाणूचा बहुपैलू साचा स्पष्ट दिसला, तो सुमारे ४०० नॅनोमीटरचा. २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं मिमीव्हायरस, जिवाणूची नक्कल करणारा म्हणून.