पोरांना मैदानावर पिटाळू नका

प्रश्न : ताई, मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगा आठवीत, मुलगी सहावीत, दोघं सरकारी मराठी शाळेत. मी एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीत आहे. परवाच्या बैठकीत लैंगिक शिक्षणाचा विषय निघाला. कुणी म्हणालं, डॉक्टरीणबाईंना बोलावून मुलींपुरतं भाषण ठेवू. कुणी म्हणालं, संस्कार शिकवा, बाकीचं लग्नानंतर कळतंय की. घरात हे म्हणतात, तू त्यात पडू नको. पुढच्या बैठकीत काय बोलू? – एक आई

ताई, तुम्ही पडलाय त्यात. आता मागं सरू नका.

आमच्या शाळेत असंच भाषण झालं होतं. मुलींना आत घेऊन दार लावलं, पोरांना मैदानावर पिटाळलं. पोरं खिडकीला लोंबकळून फिदीफिदी हसत होती, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘पाळी’ हा चिडवायचा शब्द झाला. पुढे दहावीत बाईंनी प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून ओलांडला. वर्षअखेरीला सगळ्यांच्या पुस्तकात तीच पानं सर्वांत मळकी होती.

म्हणून मुलींपुरत्या भाषणाला माझा विरोध. मुलग्याला कोण सांगणार? झोपेत वीर्य गेलं तर त्याला आपल्या भाषेत नाव काय, तर ‘स्वप्नदोष’. दोष! मग पोरगं घाबरून बसस्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचत बसतं. शब्दांची ही अडचण मोठीच आहे. शरीराच्या या भागांसाठी पोरांना एक तर शिवी ठाऊक असते, नाहीतर पुस्तकातला संस्कृत शब्द. त्यात माहितीपुस्तक कन्नडमधून आलं तर गुरुजी वाचून दाखवतील आणि मोकळे होतील. मराठीतले साधे शब्द आधी शिक्षकांच्या तोंडी बसायला हवेत.

संस्कारवाल्यांना २००७ ची आठवण द्या. तेव्हा केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रानंही थांबवला आणि कर्नाटकानंही. सीमाप्रश्नावर कधी जमलं नाही, इथं मात्र दोघांचं एकमत! त्यानं पोरं अडाणी राहिली का? मोबाईलनं शिकवलं, आणि काय शिकवलं ते तुम्हाला-मला माहीत आहे. असं शिक्षण दिल्यानं मुलं लवकर नादी लागत नाहीत, हे युनेस्कोनं देशोदेशीचे अभ्यास तपासून २०१८ मध्ये लिहून ठेवलंय. आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याला अठराच्या आतली संमती मान्य नाही, हे आठवीतल्या पोराला कुणी तरी सांगायला नको? ‘पळून गेली’ म्हणून सुरू झालेलं प्रकरण पोलीस ठाण्यात संपतं.

बैठकीत एवढंच मागा. डॉक्टर येऊ देत, पण आधी पालकांपुढे. काय सांगणार ते पालकांनी ऐकलं की निम्मी भीती जाते. मग वर्गात, मुलं-मुली एकत्र, एका दिवसात न उरकता. पाळीचा कपडा-पॅड, पोटदुखी असं मुलींना वेगळं विचारायचं असेल तर तो तास निराळा ठेवा. पाचवीपर्यंत नको असलेला स्पर्श आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर कळला तरी पुष्कळ. वर्गात एक डबा ठेवा, नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला. पहिल्या आठवड्यात चावटपणाच्या चिठ्ठ्या निघतील. निघू देत.

राहिले तुमचे यजमान. त्यांच्याशी वाद घालू नका, काम द्या. शेताकडे जाताना मुलाला गाडीवर मागं बसवून त्यांनीच विषय काढावा. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, बोलणं सोपं जातं.