आधीचा कशाने गेला, त्यावर नवा कधी ते ठरतं

प्रश्न : आमचा अकरा वर्षांचा लॅब्रेडॉर गेल्या महिन्यात गोचीड तापाने गेला. घर खायला उठतं, म्हणून लॅब्रेडॉरचंच पिल्लू आणतोय. ब्रीडर म्हणतो, ४५ दिवसांचं झालं की न्या, कागद मागाहून देतो. जुनी गादी, भांडी वापरली तर चालतील?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : भांडी चालतील, गादी नको. हा ताप भांड्यातून लागत नाही, गोचीड चावल्यानेच लागतो. खरी अडचण भिंतीत आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळते, भिंत चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. त्यांतून निघालेल्या गोचिडी उपाशीपोटी महिनोन्‌महिने दबा धरून राहतात. म्हणून गादी आणि कापडी पट्टा पिशवीत घट्ट बांधून टाकून द्या. रात्री टॉर्च घेऊन दाराच्या चौकटी, स्कर्टिंग, पडद्यांच्या मागची बाजू पाहा. फटी व्हाइट सिमेंटने बुजवा. पेस्ट कंट्रोल पिल्लू यायच्या आधी करा आणि अंड्यांतून नवी फौज निघते म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. जुन्या कुत्र्याची उरलेली गोचिडीची गोळी तोडून पिल्लाला देऊ नका. तो डोस मोठ्या कुत्र्याच्या वजनाचा असतो.

आता ब्रीडर. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, त्यामुळे ४५ दिवसांचा सौदा तिथेच थांबवा. आई आणि भावंडांत राहूनच पिल्लाला किती जोरात चावायचं ते कळतं. पिल्लाची आई समोर दाखवायला सांगा. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी; नुसती तारीख लिहिलेली असेल तर लस झाली असं धरू नका. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर वंश कळतो, तब्येत कळत नाही. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून आई-वडिलांचे खुब्याचे एक्स-रे मागा. ‘कागद मागाहून’ म्हणजे बहुधा कधीच नाही.

घरी आणल्यावर पहिला आठवडा ब्रीडरकडचंच खाणं, दिवसातून चार वेळा; मग आठ-दहा दिवसांत थोडं थोडं करून बदला. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप नको. जादा कॅल्शियमने हाडं मजबूत होत नाहीत, वेडीवाकडी वाढतात.

आणि हो, पहिल्या महिन्यात ‘आमचा असा नव्हता’ हे वाक्य घरात निघणारच. तोही तसाच चपला फाडायचा. तुमच्या लक्षात शेवटची, दिवसभर झोपणारी वर्षं राहिली आहेत.

प्रश्न : तीन महिन्यांचं पग पिल्लू पार्व्हो या विषाणूच्या आजाराने गेलं. दीड महिना झाला, घर रोज फिनाईलने पुसतो. दुसरं आणू का? मागे मातीचं अंगण आहे.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : इतक्यात नको. फिनाईलने पार्व्हो मरेल याची खात्री नाही, शिवाय पिल्लाने चाटलं तर ते विषारी. आधी साबणाने घासून घ्या, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग एक भाग साधं घरगुती ब्लीच, तीस भाग पाणी. फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या आणि धुऊन टाका. त्यात टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. माती मात्र अशी धुता येत नाही. सावलीतल्या ओल्या मातीत हा विषाणू वर्षभरही टिकू शकतो.

एकतर वर्षभर थांबा, नाहीतर लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणा. ‘दोन लसी झाल्यात’ यावर विसंबू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसी निकामी करू शकते, म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर झालेला असावा लागतो.

प्रश्न : आमचा म्हातारा गावठी कुत्रा बागेत पडलेली द्राक्षं खायचा, काही झालं नाही. तो गेल्यावर जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलंय. त्याला बागेत सोडलं तर चालेल?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाने कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हे आम्ल वाणाप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमी-जास्त असतं, म्हणून एक कुत्रा वाचतो आणि दुसरा दगावतो. पाच-सहा किलोच्या पिल्लाला थोडीही जड जातील, बेदाणे तर त्याहून वाईट. खाल्ली असं दिसलं तर उलटी-जुलाबाची वाट पाहू नका. दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या, ते इंजेक्शनने उलटी करवतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका.